घरात जुने कागदी शेअर सापडले तर

जुनं शेअर सर्टिफिकेट घेऊन तुम्ही बँकेत गेलात, तर काउंटरवरचा माणूस ते उलटसुलट करून बघेल आणि परत देईल. त्याचं काही चुकत नाही. मुदत ठेवीच्या पावतीवर जशी परतफेडीची तारीख असते, तशी शेअरवर नसते. कंपनी तुम्हाला पैसे परत द्यायला बांधलेली नाही. तुम्ही कंपनीच्या इतक्या हिश्शाचे मालक आहात, एवढंच तो कागद सांगतो. पैसे हवे असतील तर तो हिस्सा बाजारात कुणाला तरी विकावा लागतो. आणि १ एप्रिल २०१९ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीचे कागदी शेअर विक्री करून दुसऱ्याच्या नावावर चढवता येत नाहीत. आधी ते डीमॅट खात्यात, म्हणजे शेअर कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक रूपात ठेवायच्या खात्यात आणायचे, मग विकायचे.

यावरून एक गैरसमज पसरलेला आहे, की कागदी शेअर आता रद्द झाले. तसं नाही. मालकी शाबूत आहे, तिला मुदत नाही. अडलंय ते फक्त हस्तांतर. त्यामुळे मावशींच्या ट्रंकेत, आजोबांच्या फायलीत किंवा देवघराच्या खालच्या खणात असा गठ्ठा निघाला तर तो रद्दीत टाकू नका. लॅमिनेट तर मुळीच करू नका, आणि मागच्या बाजूला उत्साहाने कुणाची सहीही घेऊ नका.

या सगळ्या खटपटीत सर्वांत मोलाची गोष्ट कोणती विचाराल, तर ज्यांच्या नावावर शेअर आहेत ती व्यक्ती हयात असणं आणि तिला सही करता येणं. ती असेल तर काम काही फॉर्म आणि थोडा धीर एवढ्यावर भागतं. तीच गेली की मृत्यूचा दाखला, वारसांची ना-हरकत, हमीपत्रं, कधी कोर्ट, असं एकेक सुरू होतं. म्हणून 'बघू नंतर' हे उत्तर इथे महाग पडतं. घरातल्या मोठ्यांशी हा विषय काढायला संकोच वाटतो हे खरं, पण 'तुमच्या पश्चात काय' असं न विचारता 'तुमचे शेअर तुमच्या हातानेच मोकळे करून घेऊ' असं म्हटलं तर बहुतेकांना बरंच वाटतं.

कागद वाचायचा कसा

सर्टिफिकेटवर पाच गोष्टी बघा. कंपनीचं नाव, फोलिओ नंबर (कंपनीच्या नोंदवहीतला भागधारकाचा खाते क्रमांक), धारकाचं नाव (एकाहून जास्त असतील तर त्यांचा क्रमही), शेअरची संख्या आणि दर्शनी किंमत. सर्टिफिकेट नंबर आणि 'डिस्टिंक्टिव्ह' नंबरही असतात, तेही टिपून ठेवा. दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढा. मागच्या बाजूला कधी कधी खरी गोष्ट असते: मूळ मालक दुसराच कुणी असतो आणि आपल्या माणसाचं नाव मागे शिक्क्यासकट चढलेलं असतं.

आपल्याकडे हे गठ्ठे इतके का निघतात, याला इतिहास आहे. १९७३ च्या परकीय चलन कायद्यामुळे अनेक परदेशी कंपन्यांना भारतातला आपला हिस्सा ४० टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला. मग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी इथल्या लोकांना शेअर विकले, आणि तेही सरकारने ठरवून दिलेल्या, बऱ्याचदा अगदी माफक भावात. १९७७ ला रिलायन्सचा इश्यू आला. गिरगाव, दादर, पुण्यातल्या पेठा इथल्या नोकरदारांनी बोनसच्या पैशातून दहा-वीस शेअरचे अर्ज भरले आणि कागद कपाटात ठेवून दिले. नव्वदीच्या सुरुवातीला हर्षद मेहताच्या तेजीत दुसरी लाट आली. हा दुसरा गठ्ठा मात्र जरा सावधपणे उघडा. १९९४ ते १९९६ च्या सुमारास लोकांकडून पैसे गोळा करून गायब झालेल्या कंपन्यांचे कागदही त्यात असतात, आणि त्यांचं बहुधा काहीच येत नाही.

कंपनीचं नाव इंटरनेटवर सापडलं नाही म्हणून लगेच निराश होऊ नका. नावं बदललेली असतात. 'टिस्को' २००५ पासून टाटा स्टील झाली, 'टेल्को' २००३ ला टाटा मोटर्स. हिंदुस्तान लिव्हर २००७ पासून हिंदुस्तान युनिलिव्हर. ब्रुक बाँड, लिप्टन, टाटा ऑइल मिल्स यांचे प्रवाह शेवटी त्याच कंपनीत मिळाले. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची स्थिती मोफत दिसते: चालू आहे, विलीन झाली, की नोंदवहीतूनच काढून टाकली. दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलेल्या काही कंपन्यांचे शेअर पूर्ण शून्य होतात. गृहकर्ज देणाऱ्या डीएचएफएलचं २०२१ ला तेच झालं. असा कागद आठवण म्हणून ठेवायला हरकत नाही, पण त्यावर नोटरीचे पैसे घालवू नका.

उलट, कागदावरचा आकडा छोटा आणि प्रत्यक्षातली मिळकत मोठी, असंही होतं. पुणेकरांच्या घरात हमखास निघणारं उदाहरण घेऊ. समजा, मावशींकडे २००८ च्या विभागणीवेळी जुन्या बजाज ऑटोचे ५० शेअर होते. त्या वर्षी कंपनीचे तीन भाग झाले. मूळ कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झाली, आणि प्रत्येक शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक व बजाज फिनसर्व्हचा एक शेअर मिळाला. २०१० ला बजाज ऑटोने एकास एक बोनस दिला, म्हणजे ५० चे १०० झाले. २०२२ ला बजाज फिनसर्व्हच्या पाच रुपयांच्या शेअरचे एक रुपयाचे पाच झाले आणि वर एकास एक बोनस मिळाला, म्हणजे ५० चे ५००. मावशींच्या हातात कागद ५० चा, हक्क मात्र ५० अधिक १०० अधिक ५०० शेअरवर, आणि तेही तीन वेगळ्या कंपन्यांमध्ये. मधली सर्टिफिकेटं जुन्या पत्त्यावर गेली असतील, परत आली असतील, किंवा ते शेअर कंपनीने सांभाळायच्या वेगळ्या डीमॅट खात्यात ठेवले असतील. दर्शनी किंमत बदलते तेव्हा जुना कागद अनेकदा बाद होतो आणि त्याच्या बदल्यात नवा निघालेला असतो, हेही लक्षात असू द्या.

पहिलं पत्र रजिस्ट्रारला

भागधारकांची नोंदवही कंपनी सहसा स्वतः ठेवत नाही. ते काम रजिस्ट्रारकडे असतं, याला सगळे 'आरटीए' म्हणतात. हैदराबादचे केफिन टेक्नॉलॉजीज, मुंबईत विक्रोळीचे एमयूएफजी इनटाइम (पूर्वीचं लिंक इनटाइम), बिगशेअर, चेन्नईचे कॅमिओ ही नेहमी भेटणारी नावं. कोणत्या कंपनीचा रजिस्ट्रार कोण, हे कंपनीच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या पानावर असतं. कागदावर छापलेला रजिस्ट्रार वीस वर्षांपूर्वीचा असू शकतो, त्याच्या पत्त्यावर जाऊ नका.

त्यांना ईमेल किंवा पत्र लिहून एवढंच विचारा: या फोलिओत आज कोणाच्या नावे किती शेअर आहेत, कोणते सर्टिफिकेट नंबर चालू आहेत, कोणता डिव्हिडंड (नफ्यातला वाटा) घ्यायचा राहिला आहे, आणि शेअर आयईपीएफ या सरकारी निधीकडे गेले आहेत का? पत्र भागधारकाच्या सहीने आणि पॅनच्या प्रतीसह जावं. तुम्ही भाचे असा की नातू, रजिस्ट्रारच्या लेखी तुम्ही त्रयस्थ. हे उत्तर हाती आल्याशिवाय एकही स्टॅम्प पेपर विकत घेऊ नका, कारण पुढचा रस्ता त्यावर ठरतो.

नाव आणि सही

खरं अडतं ते इथे. आणि मराठी घरात जरा जास्तच.

लग्नात मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलायची पद्धत आपल्याकडे होती. शेअर माहेरच्या नावाने, बँक खातं सासरच्या नावाने आणि आधारवर घरात हाक मारतात ते नाव, अशा तीन बायका एकाच मावशीत निघतात. शिवाय सर्टिफिकेटवर 'सुमन डी. कुलकर्णी' आणि पॅनवर 'सुमन दत्तात्रय कुलकर्णी', किंवा आडनाव आधी आणि नाव नंतर. आद्याक्षरांचा असा फरक ओळखपत्र आणि एखाद्या प्रतिज्ञापत्राने सुटतो. आडनाव लग्नामुळे बदललं असेल तर विवाहाचा दाखला लागतो. पन्नास वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद नसेल तर ती आताही करता येते. पहिलं नावच बदललं असेल तर राजपत्रातली नोंद हा सर्वांत पक्का पुरावा, आणि महाराष्ट्रात त्यासाठीचा अर्ज ऑनलाइन करता येतो. पण आधी रजिस्ट्रारला विचारा की त्यांना काय चालेल. लोक घाईने राजपत्र करून आणतात आणि तिथे विवाहाच्या दाखल्यावर काम झालं असतं.

सहीचं दुखणं वयाबरोबर येतं. १९८५ च्या अर्जावरची झोकदार सही ८२ व्या वर्षी येत नाही. रजिस्ट्रार त्यांच्याकडच्या नमुन्याशी ती ताडून बघतात आणि 'सही जुळत नाही' म्हणून अर्ज परत पाठवतात. यावर उपाय म्हणजे फॉर्म आयएसआर-२. त्यात बँकेचा मॅनेजर भागधारकाची आताची सही प्रमाणित करतो, स्वतःचं नाव, कर्मचारी क्रमांक आणि शिक्का देतो. इथे क्रम सांभाळा: आधी बँकेतच नवी सही नोंदवून घ्या. नाहीतर बँक म्हणेल, 'आमच्याकडेही सही जुळत नाही.' आणि मावशींना सांगा, जी सही आता सहज येते तीच सगळीकडे करा, जुनीची नक्कल करायला जाऊ नका. ओढूनताणून केलेली जुनी सही रजिस्ट्रारच्या नजरेला आधी खटकते.

याच्या जोडीला आयएसआर-१ हा केवायसीचा फॉर्म. त्यात पॅन, पत्ता, मोबाइल, बँक खातं येतं. त्यासोबत नॉमिनीसाठी एसएच-१३. हे फॉर्म रजिस्ट्रारच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. केवायसी नसलेल्या कागदी फोलिओंना १ एप्रिल २०२४ पासून डिव्हिडंडचा चेक येत नाही. केवायसी पूर्ण झालं की अडलेला डिव्हिडंड थेट बँकेत जमा होतो. विकायचं नक्की नसलं तरी एवढं तरी कराच. आधार-पॅन जोडणीची धास्ती घेतलेल्या आजी-आजोबांना हेही सांगा, की ८० वर्षं पूर्ण झालेल्यांना ती सक्ती नाही.

डीमॅट

नाव आणि सही जुळत असेल, कागद हातात असेल, तर पुढचं सरळ आहे. भागधारकाच्या नावाने डीमॅट खातं उघडायचं. सर्टिफिकेटवर दोन नावं असतील तर खात्यातही तीच दोन, त्याच क्रमाने. क्रम उलटा असेल तर वेगळा अर्ज द्यावा लागतो. डीमॅट विनंतीचा फॉर्म भरून मूळ सर्टिफिकेट आपल्या डीपीकडे, म्हणजे बँक किंवा ब्रोकरकडे द्यायचं. ते त्यावर 'डीमॅटसाठी सादर' असा शिक्का मारून रजिस्ट्रारकडे पाठवतात. सगळं ठीक असेल तर तीन-चार आठवड्यांत शेअर खात्यात दिसतात. फक्त ऑनलाइन चालणारे स्वस्त ब्रोकर या कामात फारसे उत्साही नसतात. जवळ शाखा असलेली बँक बरी, कारण कागद हातोहात देता येतो आणि पोच घेता येते. खात्याच्या वार्षिक फीची चिंता असेल तर 'बेसिक' डीमॅट खातं मागा. सप्टेंबर २०२४ पासून त्यात ४ लाखांपर्यंतच्या शेअरना वार्षिक शुल्क नाही.

कागद हरवला असेल, जोडधारकाचं नाव कमी करायचं असेल किंवा वारसाच्या नावावर करायचे असतील, तर २०२२ पासून नवं सर्टिफिकेट छापूनच मिळत नाही. त्याऐवजी रजिस्ट्रार आधी एक पुष्टीपत्र देत. ते मिळाल्यापासून १२० दिवसांच्या आत डीपीकडे देऊन शेअर डीमॅट करून घ्यावे लागत. तारीख चुकली तर शेअर कंपनीच्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे तात्पुरते सांभाळायच्या खात्यात जात आणि तिथून काढायला पुन्हा अर्ज. २०२६ पासून पुष्टीपत्राऐवजी शेअर थेट डीमॅट खात्यात जमा होतात. म्हणून डीमॅट खातं आधी उघडून ठेवा.

धारक हयात नसतील तर

दोन जोडधारकांपैकी एक गेले असतील तर काम सोपं आहे: मृत्यूचा दाखला आणि अर्ज देऊन त्यांचं नाव कमी होतं. एकट्याच्या नावावरचे शेअर आणि नॉमिनीही नाही, अशा वेळी वारसांचा प्रश्न येतो. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने २०२२ ला मर्यादा वाढवली. एका कंपनीतल्या कागदी शेअरची किंमत ५ लाखांच्या आत असेल, तर कोर्टाच्या वारसा दाखल्याशिवाय नोटरी केलेलं हमीपत्र, प्रतिज्ञापत्र आणि इतर वारसांची ना-हरकत यावर काम होऊ शकतं. त्यावर गेलं की कोर्ट. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १००-२०० च्या स्टॅम्पची जागा ५०० च्या स्टॅम्पने घेतली आहे. जुना मसुदा जुन्या स्टॅम्पवर करून नेलात तर परत येईल.

वारस परदेशात असेल, आणि न्यू जर्सी-सिडनीतले भाऊ कुठल्या घरात नाहीत, तर त्याच्या सह्या तिथल्या भारतीय वकिलातीतून किंवा नोटरी व अपोस्टिल (दुसऱ्या देशात चालणारं सरकारी प्रमाणीकरण) करून आणाव्या लागतात. तो सुट्टीत इकडे येणार असेल तर फॉर्म आधी तयार ठेवा आणि त्याच्या सह्या इथेच उरकून घ्या.

नॉमिनी असला की काम पटकन होतं, पण नॉमिनी म्हणजे मालक असं मात्र नाही. कालनिर्णयचे संस्थापक जयंत साळगांवकर यांच्या वारसांमधल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ ला हेच सांगितलं: नॉमिनीच्या नावावर शेअर गेले तरी इतर वारसांचा किंवा मृत्युपत्रातला हक्क संपत नाही. घरात यावरून वाद आहे अशी नुसती शंका असेल तरी आधी वकिलाशी बोला.

आयईपीएफ

सलग सात वर्षं डिव्हिडंड घेतला नाही तर कायद्याने तो आणि त्याचे शेअर केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, म्हणजे आयईपीएफकडे जातात. २०१७ पासून असे शेअर तिकडे जाऊ लागले. जुन्या गठ्ठ्यातले बरेच शेअर आज तिथेच आहेत. ते जप्त झालेले नाहीत, परत मागता येतात. हातातलं सर्टिफिकेट मात्र अशा वेळी चालू राहत नाही, तरी ते दाव्यासोबत द्यावं लागतं, म्हणून जपा.

आधी कंपनीकडे कागद द्यायचे आणि 'तुम्ही हक्कदार आहात' असं पत्र घ्यायचं. मग मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आयईपीएफ-५ हा फॉर्म भरायचा. त्याला फी नाही. त्याची प्रत, हमीपत्र, महसूल तिकीट लावलेली आगाऊ पावती, रद्द केलेला चेक आणि मूळ सर्टिफिकेट कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे या कामासाठी नेमलेल्या माणसाला पाठवायचं. कंपनी पडताळणी करून अहवाल देते, मग आयईपीएफचं प्राधिकरण मंजुरी देतं. मुदती नियमात लिहिलेल्या आहेत, पण महिने जातात हे धरूनच चाला. शेअर परत येतात ते थेट दावेदाराच्या डीमॅट खात्यात, आणि अडलेला डिव्हिडंड बँकेत. नाव शोधायची सोय आयईपीएफच्या संकेतस्थळावर आहे. आयईपीएफ प्राधिकरण आणि सेबी यांनी लोकांना समोरासमोर मदत करायला 'निवेशक शिबिर' सुरू केलं, त्यातलं पहिलं १ जून २०२५ ला पुण्यात झालं. तुमच्या भागात असं शिबिर होणार असेल तर सगळे कागद घेऊन जा. एका टेबलावर रजिस्ट्रार आणि दुसऱ्यावर कंपनी असे एकाच छताखाली फार कमी वेळा भेटतात.

एक अवघड प्रकार राहिला: शेअर विकत घेतले, सोबत विकणाऱ्याच्या सहीचं ट्रान्सफर डीड, म्हणजे हस्तांतराचा फॉर्मही आहे, पण आपल्या नावावर कधी चढवलेच नाहीत. कंपनीच्या लेखी मालक अजून तोच. २०१९ पूर्वी दाखल करून परत आलेल्या अशा डीडसाठी सेबीने ७ जुलै २०२५ ते ६ जानेवारी २०२६ अशी खास मुदत दिली होती. अशा सवलती सेबी अधूनमधून जाहीर करते, म्हणून डीड फेकू नका आणि सध्या काय चालू आहे ते रजिस्ट्रारला विचारा.

एजंट आणि कर

'तुमचे शेअर सोडवून देतो, मिळेल त्यातला हिस्सा द्या' म्हणणारे फोन आता घरोघरी येतात. आयईपीएफच्या याद्या खुल्या असल्याने नावं त्यांना सहज मिळतात. यातले सगळेच लबाड नाहीत. गुंतागुंतीच्या वारसाहक्कात माहितगार माणूस फी घेऊन खरोखर उपयोगी पडतो. पण टक्केवारीवर करार करण्याआधी फोलिओतल्या शेअरची आजची किंमत स्वतः काढा. मूळ सर्टिफिकेट, कोऱ्या कागदावरच्या सह्या आणि मोबाइलवरचा ओटीपी कुणालाही देऊ नका. रजिस्ट्रार दाद देत नसेल तर सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर फुकट तक्रार करता येते. तक्रार क्रमांक पडला की पत्रांची उत्तरं बरीच लवकर यायला लागतात.

विकताना कराचा हिशेब असा. बाजारातून विकलेल्या शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के. थोडे मार्चमध्ये, थोडे एप्रिलमध्ये विकले तर सव्वा लाखाची सवलत दोन वर्षांत दोनदा मिळते. खरेदी १९८० ची असली तरी नफा तिथून मोजत नाहीत. ३१ जानेवारी २०१८ चा सर्वोच्च भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो, फक्त विक्रीच्या भावापेक्षा जास्त नाही. वारसाने आलेल्या शेअरना मूळ मालकाची खरेदी आणि कालावधी लागू होतो. मात्र २०१८ नंतर मिळालेल्या बोनस शेअरची किंमत शून्य धरतात, म्हणजे मावशींच्या फिनसर्व्हच्या ५०० पैकी २५० ची विक्री पूर्ण नफा ठरते, आणि उरलेल्या २५० ना २०१८ च्या भावाचा पाचवा हिस्सा लागतो. ब्रोकरच्या अहवालात हे काहीच दिसत नाही. तिथे खरेदीची किंमत कोरी असते आणि तारीख डीमॅट झाल्याची. म्हणून सीएकडे जाताना सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स, रजिस्ट्रारचं उत्तर आणि बोनस-विभागणीच्या तारखा एका फायलीत घालून न्या.